उंच भिंतीवरची छिंट

माझा मामेभाऊ स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात औषधांच्या एका कंपनीत नोकरीला आहे. तिथे त्याने शंभर-सव्वाशे वर्षे जुन्या इमारतीत भाड्याने घर घेतले आणि पहिल्याच आठवड्यात मला फोन केला. "आपा, तू मुलांना क्षेत्रफळ शिकवतेस ना? मग सांग बघू, माझ्या खोलीच्या भिंतींना कागदाचे रोल किती लागतील?"

खोली पाच मीटर लांब, चार मीटर रुंद. भिंती साडेतीन मीटर उंच. युरोपात भिंतीच्या कागदाचा रोल साधारणपणे 10.05 मीटर लांब आणि 53 सेंटिमीटर रुंद असतो. दारे-खिडक्या सोडून दिल्या तरी क्षेत्रफळाच्या सूत्राने उत्तर येते बारा रोल. मी ते सांगून टाकणारच होते, पण कागद आणि कात्री घेऊन बसले तेव्हा चूक लक्षात आली. खोलीचा घेर 18 मीटर, म्हणजे उभ्या पट्ट्या चौतीस. साडेतीन मीटरच्या दोन पट्ट्या कापल्या की रोलमध्ये तीन मीटरचा तुकडा उरतो आणि तो पूर्ण पट्टीला पुरत नाही. म्हणजे रोल लागणार सतरा. हीच खोली नव्या इमारतीत 2.40 मीटर उंचीची असती, तर एका रोलमधून चार पट्ट्या निघाल्या असत्या आणि नऊ रोलमध्ये काम भागले असते. भिंत दीडपटसुद्धा उंच झालेली नाही आणि कागद मात्र जवळजवळ दुप्पट.

हिशेब करताना आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर आली. 10.05 मीटर म्हणजे अकरा वार आणि 53 सेंटिमीटर म्हणजे एकवीस इंच. ही मापे कापडाच्या दुकानातली आहेत. कागद भिंतीवर आला तो कापडाचा धाकटा भाऊ म्हणून आला आणि त्या कापडाचा माग काढत गेले तर मी थेट आपल्या बुऱ्हाणपूरपर्यंत पोहोचले. त्या प्रवासाची ही हकिकत.

आपल्याकडे उंच भिंत ही सजवायची वस्तू नव्हती. चुना, त्यात जराशी नीळ, कोनाड्यात दिवा किंवा कुराणशरीफ, एवढा तिचा शृंगार. हवा वर जावी आणि उन्हाळा सुसह्य व्हावा म्हणून भिंत उंच ठेवायची. मुंबईतल्या जुन्या इमारतींत जागा कमी पडू लागली तेव्हा याच उंचीचा फायदा घेऊन लोकांनी पोटमाळे घातले. सजावट करण्याऐवजी आपण उंचीमध्ये माणसे झोपवली. शिवाय इथल्या पावसाळ्यात खळीने चिकटवलेल्या कागदाचे काय झाले असते ते सांगायला नको. बुरशीने नाही तर वाळवीने त्याचा फन्ना उडवला असता.

युरोपात थंडीने वेगळी गरज निर्माण केली. दगडी उंच भिंती गारठ्याने भरलेल्या असत. श्रीमंत लोक त्यांवर विणलेली चित्रे, मखमल किंवा सोनेरी मुलामा दिलेले चामडे लावत. हे चामड्याचे काम युरोपला मुसलमानांच्या स्पेनने दिले. कुर्तुबा शहर त्यासाठी नावाजलेले होते. ज्यांना मखमल आणि चामडे परवडत नसे त्यांच्यासाठी सोळाव्या-सतराव्या शतकात छापील कागद आला. सुरुवातीला सुटे ताव छापून विकत. पॅरिसमध्ये झाँ पापिओं नावाच्या ठसे कोरणाऱ्याने 1688 च्या सुमारास एका तावावरची नक्षी पुढच्या तावाला जुळेल अशी योजना केली. मग चोवीस ताव एकमेकांना डकवून एक गुंडाळी करण्याची रीत पडली. कागद कधी मखमलीची नक्कल करी, कधी चामड्याची, कधी संगमरवराची. आणि फार वेळा छिंटेची.

छिंट हा शब्द आपल्या घरातला आहे. उर्दूत छींट, मराठीत चीट. माझी आजी चिटाच्या तुकड्यांची गोधडी म्हणायची. याच शब्दावरून इंग्रजीने 'चिंट्झ' केला. फ्रेंचांनी सरळ देशाचेच नाव दिले, 'इंदियेन'. सतराव्या शतकात मछलीपट्टणम, अहमदाबाद, सिरोंज आणि बुऱ्हाणपूर येथून हे छापील आणि रंगवलेले सुती कापड जहाजे भरभरून युरोपात गेले. तिथल्या लोकांना सर्वांत जास्त नवल कशाचे वाटले असेल तर ते धुतल्यावर रंग जात नाही याचे. युरोपातले छपाईवाले कापडावर रंग बसवत. आपल्याकडचे छीपे आणि रंगरेज तो धाग्यात मुरवत. हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवायचे, तुरटी किंवा लोखंडाचे पाणी ठशाने छापायचे, मग मंजिष्ठ किंवा चायमुळीच्या रंगात उकळायचे. जिथे तुरटी लागली तिथे लाल, जिथे लोखंड लागले तिथे काळा. ठसा उमटवताना रंग दिसतच नाही, तो नंतर प्रकट होतो. हे रसायनशास्त्र नाही तर काय आहे? फक्त ते पुस्तकात लिहिलेले नव्हते. बापाच्या हातातून ते मुलाच्या हातात जात होते.

ते लिहून काढले परक्यांनी. जॉर्ज रोक हा फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस. 1678 च्या सुमारास त्याने अहमदाबाद, बुऱ्हाणपूर आणि सिरोंज येथील ठशांच्या छपाईचे वर्णन लिहिले. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांच्या काळापासून ते खानदेशाचे डोके होते. पुढे 1742 मध्ये पाद्री कूर्दू याने दक्षिणेतल्या रंगाऱ्यांकडून रीत विचारून घेतली आणि पत्राने फ्रान्सला कळवली. ती पत्रे छापली गेली. वाचताना माझ्या मनात एकच गोष्ट सलत राहिली. रोकचे नाव राहिले, कूर्दूचे राहिले. ज्यांनी सांगितले त्यांच्यातल्या एकाचेही नाव या हकिकतीत येत नाही. ते छीपे मुसलमान होते की हिंदू, याचा वाद घालण्यात अर्थ नाही. या पेशात दोन्ही होते आणि निनावी राहण्यात दोघांचा वाटा सारखा आहे.

इकडे कापड जात होते आणि तिकडे रेशीम व लोकरीवाले ओरडत होते. 1686 मध्ये फ्रान्सच्या राजाने छिंट आणण्यावर, छापण्यावर बंदी घातली आणि छपाईचे ठसे फोडून टाकण्याचा हुकूम दिला. ही बंदी 1759 पर्यंत टिकली. इंग्लंडनेही 1701 पासून छापील हिंदी कापड बाहेरून आणणे बंद केले आणि 1721 मध्ये छापील सुती कापड वापरण्यावरही कायदा आणला. पण बंदी कापडाला होती, कागदाला नव्हती. अंगावर छिंट घातली तर दंड, भिंतीवर कागदी छिंट लावली तर कुणी विचारत नाही. कागदवाल्यांनी त्या वेलबुट्ट्या उचलल्या. नक्षी उचलणे सोपे होते, कारण कागद धुवायचा नसतो. खडूची भुकटी, सरस आणि रंग कालवून ठशाने थापला की झाले. म्हणजे आपल्या हुनराचे जे मर्म, पक्का रंग, त्याची कागदाला गरजच नव्हती. त्याने चेहरा घेतला.

हिरव्या रंगाचीच गोष्ट घ्या. आपले कारीगर पानांचा हिरवा रंग निळीवर पिवळा चढवून करत. पिवळा कालांतराने उडतो, म्हणून संग्रहालयातल्या जुन्या छिंटेवरची पाने आज निळी दिसतात. कागदाला मात्र चमकदार हिरवा मिळाला तो 1775 मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने शोधलेल्या संखियायुक्त रंगातून आणि पुढे 1814 मधल्या त्याच्याहून भडक रंगातून. ओल आलेल्या भिंतीवर बुरशी चढली की त्या कागदातून विषारी वायू निघतो, हे दाखवायला 1890 नंतरचे दशक उजाडावे लागले. कागद सुकाच राहिला तरी त्याची धूळ झडायचीच. आपली पाने निळी झाली हे एका अर्थी बरेच म्हणायचे.

आता बाझलकडे परत येते, कारण गोष्टीची पुढची जागा तिथून हाकेच्या अंतरावर आहे. बाझलपासून तीसेक किलोमीटरवर मुलूज नावाचे गाव. आज ते फ्रान्समध्ये आहे, पण 1798 पर्यंत ते स्वतंत्र होते आणि स्विस प्रांतांशी त्याचा तह होता. म्हणजे फ्रान्सची बंदी तिथे लागू नव्हती. याचा फायदा घेऊन 1746 मध्ये केश्लाँ, श्मालत्सर आणि डोलफुस या तिघांनी तिथे छिंट छापण्याचा पहिला कारखाना काढला. पाहता पाहता सगळे गाव छापील कापडाचे झाले. मुलूज, बाझल, नाँत या गावांच्या श्रीमंतीत आणखी एक काळा धागा आहे. अशा छापील कापडाच्या गाठी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात दिल्या जात. आपण आपल्या कारागिरीचा अभिमान सांगतो तेव्हा तिची नक्कल कोणत्या बाजारात खपली हेही सांगावे.

त्याच डोलफुस घराण्यातल्या एकाने 1790 मध्ये कागदाचा कारखाना काढला. 1797 मध्ये तो जवळच्या रिक्सहाइम गावात गेला आणि 1802 मध्ये झाँ झुबेर त्याचा एकटा मालक झाला. कापडाचे ठसे कोरणारे हात होतेच, ते कागदाकडे वळले. इथे उंच भिंतीच्या सजावटीची एक वेगळीच कल्पना जन्माला आली. एकच बुट्टी पुन्हापुन्हा छापण्याऐवजी सगळ्या खोलीभर एकच अखंड देखावा लावायचा, कुठेही पुनरावृत्ती नाही. पहिला देखावा 1804 मध्ये स्वित्झर्लंडचा निघाला. दुसरा 1807 मध्ये निघाला, त्याचे नाव 'हिंदुस्थान'.

वीस पट्ट्या, साडेबाराशेच्या वर लाकडी ठसे आणि ऐंशीहून अधिक रंग. चित्रकार मोंजाँ. तो हिंदुस्थानात कधी आलेला नव्हता. त्याने समोर ठेवली होती टॉमस आणि विल्यम डॅनियल या इंग्रज काका-पुतण्यांची चित्रे. हे दोघे 1786 ते 1793 या काळात हिंदुस्थानभर फिरले. शेवटी 1793 मध्ये मुंबईला येऊन त्यांनी घारापुरी आणि कान्हेरीची लेणीही चितारली. त्यांचा 144 चित्रांचा संच 1795 ते 1808 या वर्षांत लंडनला प्रसिद्ध होत होता. मोंजाँने त्यातले घुमट आणि मिनार, देवळे, हत्ती, ताडाची झाडे उचलली आणि एकापुढे एक मांडली. ज्या दोन इमारतींमध्ये आठवड्याची वाटचाल आहे त्या कागदावर शेजारी आल्या.

उंचीचा प्रश्न या लोकांनी कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. देखावा सगळा पट्टीच्या खालच्या भागात. वरचा मोठा भाग नुसते आकाश आणि ते ठशाने छापलेले नाही, कुंचल्याने खालून वर फिके-गडद होत नेलेले. गिऱ्हाइकाची भिंत जेवढी उंच तेवढे आकाश ठेवायचे, बाकीचे कापून टाकायचे. भिंतीचा तळ एक मीटरपर्यंत लाकडी तावदानांनी झाकायचा, म्हणजे खुर्च्या-मेजांनी देखावा अडत नाही आणि क्षितिज बरोबर डोळ्यासमोर येते. साडेतीन मीटरची भिंत असो की तीनची, हिंदुस्थान तेवढाच, आभाळ कमीजास्त.

हे 1807 साल आपल्या इतिहासात कुठे बसते तेही आठवावे. 1803 मध्ये असईची लढाई झाली आणि त्याच महिन्यात इंग्रज दिल्लीत शिरले. आंधळा बादशहा शाहआलम 1806 मध्ये वारला. खरा हिंदुस्थान जमिनीवरून कंपनीच्या वहीत चालला होता, तेव्हा कागदी हिंदुस्थान दिवाणखान्यात चिकटवला जात होता. त्यात ना लढाई आहे ना दुष्काळ. सगळे कसे शांत, सोनेरी, दुपारचे.

मी या देखाव्याचे चित्र मोठे करून आमच्या सातवीच्या वर्गात दाखवले. उर्दू माध्यमाची मुले, घुमट दिसला की लगेच ओळखीचे वाटते. एका मुलाने विचारले, "मिस, ये कौनसी मस्जिद है?" मी म्हटले, कुठली तरी असेल, पण तिच्या शेजारचे जे दिसते ते तिच्या शेजारी नाही. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "और इसमें लोग इतने छोटे क्यूँ हैं?" इमारत किती मोठी आहे ते कळावे म्हणून चित्रकार माणूस लहान काढतो, असे मी उत्तर दिले. उत्तर बरोबर आहे. तरी तास संपल्यावर स्टाफरूममध्ये मला ते अपुरे वाटत राहिले.

माणसे लहान होती ती चित्रातच असे नाही. कागद छापणाऱ्या कारागिराबरोबर एक पोर असे. फ्रेंचमध्ये त्याला 'तिरर' म्हणत, म्हणजे रंग ओढणारा. ठसा बुडवण्याआधी तबकातला रंग कुंचल्याने सारखा करायचा आणि ठसा टेकवला की तो नीट दाबला जावा म्हणून दांड्यावर भार द्यायचा, हे त्याचे काम. सातवीतल्या माझ्या मुलांच्या वयाची किंवा त्याहून लहान पोरे. आपल्या छीप्यांच्या घरांतही मुले लहानपणीच हाताखाली येत. शिकवण्याचा तो एक मार्ग होता, हे मान्य. पण साडेबाराशे ठशांच्या कारखान्यात ते पोर ठसा कोरायला शिकत नव्हते, दिवसभर तबक सारखे करत होते.

मोठ्यांची स्थिती फार वेगळी नव्हती. पॅरिसचा सर्वांत नामांकित कागदवाला रेव्हेयाँ. त्याच्या कारखान्यात तीनशेच्या वर कामगार होते, 1783 मध्ये त्याच्या अंगणात गरम हवेचा कागदी फुगा सजला होता. एप्रिल 1789 मध्ये एका निवडणूक सभेत त्याने पावाची किंमत उतरली तर मजुरी उतरवता येईल अशा अर्थाचे काही म्हटले. शब्द फिरत फिरत वस्तीत गेले ते फक्त मजुरी कमी करणार एवढेच होऊन. 27 आणि 28 एप्रिलला जमावाने मोर्चे काढले, त्याचे घर आणि कारखाना फोडला. सैन्याने गोळ्या झाडल्या आणि पुष्कळ माणसे मेली. रेव्हेयाँने जीव वाचवायला आसरा घेतला बास्तीय किल्ल्यात. तो किल्ला अडीच महिन्यांनी पडला ते सर्वांना ठाऊक आहे. फ्रेंच राज्यक्रांती शिकवताना आम्ही बास्तीयपासून सुरुवात करतो. भिंतीच्या कागदापासून करायला हरकत नाही.

पुढचा इतिहास यंत्राचा. 1799 मध्ये रोबेर या फ्रेंच माणसाने अखंड कागद काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, 1830 च्या आसपास झुबेरने असा अखंड कागद वापरायला घेतला. इंग्लंडने 1712 पासून चालत आलेला कागदावरचा कर 1836 मध्ये उठवला आणि 1839 मध्ये डार्वेन येथे कापड छापणाऱ्या पॉटर कंपनीने वाफेवरच्या यंत्रावर कागद छापला. पुन्हा कापडवालेच. कागद इतका स्वस्त झाला की पॅरिस, बर्लिन, बाझल येथे 1850 नंतर उठलेल्या पाच-पाच मजली इमारतींतल्या उंच खोल्या त्याने भरून गेल्या. 1870 नंतर इंग्लंडात भिंतीचे तीन भाग करण्याची रीत पसरली. खाली मजबूत पट्टा, मधे नक्षीचा कागद, वर छताखाली झालर. रसिकतेची पुस्तके सांगतात की उंच भिंत विहिरीसारखी वाटू नये म्हणून हे करत. असेलही. मला मात्र माझ्या मामेभावाचा हिशेब आठवतो. खालचा एक मीटर लाकडाला दिला आणि वरचे दहा सेंटिमीटर झालरीला, तर साडेतीनचे 2.40 होतात. सतराचे पुन्हा नऊ. शोभा आणि काटकसर यांचे इतके जुळणारे लग्न विरळाच.

अखंड देखाव्याचे मोठे कागद तोवर जुने झाले होते, पण ते गेले नाहीत. झुबेरच्याच कारखान्याचा 1834 चा अमेरिकेचा देखावा 1961 मध्ये मेरीलँडमधल्या पाडल्या जाणाऱ्या एका घरातून उतरवून व्हाइट हाउसमध्ये लावला गेला. कंपनी अजून जुन्या ठशांनी छापते. त्या ठशांना फ्रान्सच्या सरकारने ऐतिहासिक ठेवा म्हणून संरक्षण दिले आहे. रिक्सहाइमला भिंतीच्या कागदाचे संग्रहालय आहे, मुलूजला छापील कापडाचे. ज्या देशाने 1686 मध्ये ठसे फोडायचा हुकूम काढला त्याने आज ठसे जपले, ही गोष्ट मी मनापासून मानते. आपल्याकडे जुना ठसा झिजला की चुलीत जातो. आपण नेहमी म्हणतो की सगळे मूळ आमचे होते, त्यांनी नेले. नेले हे खरे. पण रोकने तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी बुऱ्हाणपूरच्या छीप्याला बसून प्रश्न विचारले, तसे त्याच गावात जाऊन विचारायला आपल्यातले किती जण गेले? मी स्वतः बुऱ्हाणपूरला दोनदा गेले आहे, दोन्ही वेळा लग्नाला. मुमताजमहल 1631 मध्ये जिथे वारली ते पाहिले, शाही हमाम पाहिला. छपाईवाल्यांची गल्ली कुठे होती, हे विचारायचे सुचलेसुद्धा नाही.

हे सगळे मी फोनवर मामेभावाला सांगितले. तो बाझलच्या दुकानातून कागदांच्या नमुन्यांची जाड वही घरी घेऊन आला होता. त्यात लाल मातकट वेलीचा एक कागद होता आणि त्याखाली नाव छापलेले होते, 'इंदियेन'. त्याने फोटो पाठवला. आजीच्या गोधडीतला तुकडा वाटावा इतका तो सारखा. "आपा, हाच लावतो," तो म्हणाला. वहिनीने मात्र खोलीत अंधार होईल म्हणून नापसंत केला. शेवटी खाली एक मीटर लाकडी पट्टी, वर झालर आणि मधे साधा पांढरा कागद. रोल नऊ लागले, उरलेला अर्धा कपाटावर ठेवला आहे.